दिव्याखाली मीठ

माझ्या आयुष्यात समुद्र फार उशिरा आला, आणि आला तो बादलीतून.

आता टेंभुर्णी कुठे आणि समुद्र कुठे! पुण्याहून सोलापूरला निघालेला उतारू जिथे डोळे किलकिले करून "कुठं आलं?" असं विचारतो आणि उत्तर ऐकून पुन्हा झोपतो, ते आमचं गाव. पंढरपूर, कुर्डुवाडी, करमाळा अशा चार दिशांची माणसं इथे गाडी बदलतात. पाण्याची तशी आम्हांला ददात नाही. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं, ते जवळच आहे. त्यात कटला आहे, रोहू आहे, चिलापी तर नको इतका आहे. पण हे सगळं गोड्या पाण्याचं प्रकरण. मुंबईचा समुद्र इथून रस्त्याने तीनशे किलोमीटर. तेव्हा 'समुद्राच्या मिठाने तुमच्या घरातला दिवा विझेल' असं भविष्य एखाद्या जोतिषाने मला सांगितलं असतं, तर मी दिलेली दक्षिणा परत मागितली असती.

पण आमचा नातू पुण्याला शिकायला गेला. तिथे त्याला फिश टँकचा नाद लागला, आणि तोही साधासुधा नव्हे, खाऱ्या पाण्याचा. वर्षभराने घरमालकाने "एक तर मासे राहतील, नाहीतर तू" असं सांगितलं, तेव्हा नातवाने तडजोड काढली. तो तिथे राहिला आणि मासे आमच्याकडे आले. तीन फुटी काचेची टाकी, हवेचा पंप, फिल्टर आणि बँडवाल्यांच्या गणवेशातले दोन नारिंगी-पांढरे मासे. आल्या दिवशी त्याने अंगणात बादल्या मांडल्या आणि पिशवीतून मीठ काढून पाण्यात कालवायला घेतलं.

"आबा, लिटरला पस्तीस ग्रॅम. समुद्रात एवढंच असतं."

टाकी शंभर लिटरची. म्हणजे साडेतीन किलो मीठ! आमच्या सौ. दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढ्यात माझं चार वर्षांचं लोणचं निघालं असतं." नातवाने समजावलं की हे स्वयंपाकाचं मीठ नव्हे, ह्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असं बरंच काही असतं. त्यावर, "मग त्या माशांना बाळंतिणीसारखंच ठेवायचं म्हण की," एवढं बोलून त्या आत गेल्या.

नातू दोन दिवसांनी पुण्याला गेला. टाकीवर एल.ई.डी.ची एक झगझगीत पट्टी होती. तिच्या खोक्यावर 'आयपी ६५' असं छापलेलं होतं; म्हणजे पाण्याचं भय नाही, असं मला सांगण्यात आलं होतं. पट्टी तीन आठवडे टिकली. दुसरी आणली. ती महिनाभर टिकली.

मी तेहतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाच्या मास्तराला एक खोड असते. घरात काही बिघडलं की तो पाना हुडकत नाही, हे पूर्वी कोणाचं बिघडलं होतं ते हुडकतो. मी वाचायला बसलो.

घरात खारा समुद्र पाळण्याची हौस फार जुनी नाही. १८४६ साली अॅना थिन नावाच्या एका इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाणी शिळं होऊन ते मरू नयेत म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. उघड्या खिडकीपाशी उभं राहून ते पाणी रोज अर्धा-पाऊण तास ह्या भांड्यातून त्या भांड्यात वरून ओतायचं, म्हणजे त्यात हवा मिसळते. युक्ती बाईंची, पण ओतायला घरातली मोलकरीण. म्हणजे आज आमच्याकडे कोपऱ्यात घुरघुरणारा जो हवेचा पंप आहे, त्याचा मूळपुरुष ही एक बाई होती. थिनबाईंचं नाव राहिलं. मोलकरणीचं नाव विचारू नका. पुढे १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी 'मत्स्यगृह' उघडलं. ते होतं लोखंड आणि काचेचं, चहूबाजूंनी उजेड आत घेणारं. दिव्याची गरज नव्हती, त्यामुळे दिवा बिघडण्याची भीतीही नव्हती. पण उजेड फार झाला. पाणी तापू लागलं आणि टाक्यांत शेवाळ माजलं. तेव्हा माणसं शहाणी झाली, की माशांना उजेड हवा पण बेताचा, आणि तो वरून.

ही वरून उजेड पाडण्याची तऱ्हा मी स्वतः पाहिली आहे. मुंबईला मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय होतं. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ते सुरू झालं. आठेक लाख रुपये खर्च आला, त्यातले दोन लाख तारापोरवाला ह्या पारशी दात्याचे. मी तिथे गेलो तो शाळेची सहल घेऊन. बाहेर रस्त्यापलीकडे आख्खा अरबी समुद्र आणि आत भिंतीत बसवलेले त्याचे चौकोनी तुकडे. आपण उभे राहायचो ते अंधारात, आणि मासे उजेडात. सगळी मुलं 'ओऽऽ' करत होती. मी मात्र मासे न बघता बेचाळीस मुलं मोजत होतो, कारण अंधारात एक कमी भरत होतं. त्या गडबडीत माझ्या डोक्यात एक प्रश्न आला नाही तो नाहीच. हा उजेड नेमका कुठून येतोय, आणि त्याच्यावर उडालेलं खारं पाणी रोज कोण पुसतंय?

तो प्रश्न पडायला घरची टाकी यावी लागली. मेलेल्या दोन पट्ट्या मी खोलून पाहिल्या. तारांच्या जोडांवर हिरवा थर चढला होता, न घासलेल्या तांब्याच्या कळशीवर चढतो तसा. कारण सोपं होतं. टाकीतून बुडबुडे वर येतात. बुडबुडा पृष्ठभागावर येऊन फुटतो तेव्हा त्याचा पातळ पापुद्रा फाटून बारीक तुषार उडतात, आणि खाली पडलेल्या खळग्यातून एक थेंब बंदुकीच्या गोळीसारखा वर सुटतो. भर समुद्रात लाटांच्या फेसात हेच घडतं, आणि किनाऱ्याच्या वाऱ्याला जो खारटपणा असतो तो बराचसा ह्या फुटलेल्या बुडबुड्यांचाच. आमच्या दिवाणखान्यात तेच अव्याहत चालू होतं. थेंबातलं पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. बरं, ते जागच्या जागी बसेल तर मीठ कसलं! त्या खड्यांच्या फटींतून ओल वर चढते, तिथे सुकते, नवे खडे होतात, त्यांतून आणखी वर चढते. काचेच्या कडेवरून, पंपाच्या नळीवरून, वायरीवरून पांढरा शेवया घातल्यासारखा थर चालत निघतो. आमच्याकडे तर उन्हाळ्यात पाणी फार तापू नये म्हणून टाकीवर टेबलफॅन सोडलेला. म्हणजे तुषारांना वाहनाचीही सोय.

मिठाने तांबं खाल्लं म्हणून रडणारा मी पहिला नव्हतो. इंग्रजांच्या आरमाराचंही हेच दुखणं होतं. त्यांच्या जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि समुद्र ते खाऊन टाकी. त्यांनी सर हंफ्री डेव्ही यांना साकडं घातलं. डेव्हींनी १८२४ साली तोड काढली. तांब्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा चिकटवा, मीठ आधी त्याला खाईल आणि तांबं वाचेल. शास्त्र शंभर टक्के बरोबर निघालं. तांबं लखलखीत राहिलं. पण मग त्या लखलखीत तांब्यावर शिंपले आणि शेवाळ बिनधास्त वस्तीला आले, आणि जहाजं वऱ्हाडाच्या बैलगाडीसारखी रखडू लागली. म्हणजे तांबं थोडंथोडं झिजत होतं, त्याच विषाने ही जनावरं दूर राहत होती! आरमाराने तो उपाय गुंडाळून ठेवला. हे वाचून मला इतकं बरं वाटलं की मी सौ.ना हाक मारली. त्या म्हणाल्या, "ऐकते मी, सांगा. हात ओले आहेत." त्या टाकीची काच पुसत होत्या.

खोक्यावरच्या 'आयपी ६५'चाही मी पिच्छा पुरवला. ही आकड्यांची भाषा आंतरराष्ट्रीय विद्युत-मानक म्हणून १९७६ साली प्रसिद्ध झाली. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. दुसरा ४ असेल तर कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालतं, ५ असेल तर पाण्याचा झोत, ७ असेल तर मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवलं तरी हरकत नाही. खोकं खोटं बोलत नव्हतं. पण ह्या परीक्षेला पाणी असतं ते साधं! मिठाची परीक्षा निराळी. १९१४ च्या सुमाराला ती सुचवली गेली आणि १९३९ साली अमेरिकेत तिचं मानक ठरलं. बंद पेटीत वस्तू ठेवायची, पेटी ३५ अंशांवर तापवायची आणि शंभरात पाच भाग मिठाच्या पाण्याचं धुकं तिच्यावर तासन्‌तास सोडायचं. आमच्या पट्टीने पाण्याचा पेपर दिला होता, मिठाच्या पेपराला ती बसलीच नव्हती. अशी मुलं मी वर्गात पुष्कळ पाहिली आहेत.

इतकं ज्ञान झाल्यावर मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. तिसरी पट्टी विकत आणायचे पैसे वाचवावेत म्हणून माळ्यावरची जुनी ट्यूबलाइटची पट्टी काढली. पत्र्याची, चोकसकट, चार फुटी. तीन फुटी टाकीवर ती दोन्ही बाजूंनी अर्धा अर्धा फूट बाहेर आली, तिरडीसारखी. दोन पिनांचा प्लग लावला, बटण दाबलं. चोक गुणगुणला, ट्यूब दोनदा डोळे मिचकावून लागली, आणि मी खुर्चीत बसून पुढचं वाचायला घेतलं.

पुढचं म्हणजे दीपगृहं. कारण मीठ आणि दिवा ह्यांचं खरं हाडवैर तिथलं. खांदेरी बेट मी जन्मभर शिकवलं, ते शिवाजी महाराजांनी १६७९ साली इंग्रज आणि सिद्दी दोघांच्या नाकावर टिच्चून बांधलं म्हणून. त्याच बेटावर १८६७ साली दीपगृह लागलं, हे मात्र मी कधी शिकवलं नाही. परीक्षेला येत नव्हतं. मुंबईच्या दक्षिण टोकाला समुद्रातल्या खडकावर प्राँग्ज दीपगृह १८७५ सालचं. अशा दिव्याभोवती काचेची खोली असते, आणि तिला दोन्हीकडून शत्रू. बाहेरून खारे तुषार, आतून घाम. आतला घाम कसला, तर दिव्यात तेल जळतं तेव्हा जवळजवळ तेलाच्या वजनाइतकं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. थंडीच्या रात्री ती वाफ काचेवर जमे, कधी तिचा बर्फ होई, आणि दिवा आत ढणढणत असताना खलाशांना बाहेर काळोख दिसे. इंग्लंडच्या दीपगृहांचं काम पाहणाऱ्या संस्थेचे सल्लागार होते मायकेल फॅरडे, ह्याच डेव्हींचे शिष्य. ज्यांच्या शोधांवर जगातली बहुतेक वीजघरं चालतात, तो हा थोर माणूस काचेचा घाम पुसण्याच्या विचारात पडला! त्यांनी दिव्यावर धुरांड्याची अशी नळी बसवली की जळलेली वाफ काचेकडे न जाता थेट बाहेर जावी. १८४३ साली त्याचं पेटंट निघालं, तेही त्यांनी आपल्या रॉबर्ट नावाच्या भावाला घेऊ दिलं. आतला प्रश्न सुटला. बाहेरच्या मिठावर मात्र फॅरडेंकडेही यंत्र नव्हतं. तिथे दीपगृहाचा राखणदार फडकं घेऊन सज्जात उभा राही आणि काच पुसे. वादळ आलं की पुन्हा पुसे.

मी हे वाचत होतो तेव्हा आतून "आई गं!" असा आवाज आला आणि पाठोपाठ पितळी वाटी पडल्याचा.

सौ. टाकीसमोर शहाबादी फरशीवर अनवाणी बसल्या होत्या. उजवा हात डाव्या हाताने धरलेला, तोंड पांढरं. ओलं फडकं पट्टीच्या पत्र्यावरून फिरवताना झटका बसला होता. हात फेकला गेला म्हणून सुटला. मी "काय झालं, काय झालं" असं चार वेळा विचारलं, कारण दुसरं काही सुचेना. पाणी दिलं. खूप वेळाने त्या म्हणाल्या, "दिवा बंद करा आधी." तो मी केला नव्हता.

वायरमन माझा जुना विद्यार्थी. त्याने टेस्टर पत्र्याला टेकवला, टेस्टरचा दिवा लागला, आणि तो माझ्याकडे वळून बघतच राहिला.

"सर, पानिपतच्या पराभवाची कारणं तुम्ही आमच्याकडनं घोकून घेतली होती. ह्याची सांगू का?"

सांग म्हटलं. त्याने बोटं मोजायला सुरुवात केली. "दोन पिनी प्लग, म्हंजे अर्थिंग न्हाई. ट्यूबच्या टोकाला मीठ साचलंय, ते ओलं झालं की करंट तिथनं पत्र्यावर येतोय. पत्रा बिन-अर्थिंगचा, त्यो जाणार कुठं? काकूंच्या हातातनं खाली. वायर वरनं सरळ बोर्डात उतरलीय, पाणी वायरीवरनं ओघळलं की थेट सॉकेटात. आन्‌ बोर्डावर ईएलसीबी न्हाई." पाच झाली. पानिपतलाही मी पाचच शिकवली होती.

त्या मंडळीत जी वस्तू नव्हती तिचाही इतिहास मी नंतर वाचला, पण ह्या वेळी सौ. झोपल्यावर. कॅलिफोर्नियातल्या बर्कले विद्यापीठात चार्ल्स डॅलझिएल नावाचे प्राध्यापक होते. विजेचा किती प्रवाह लागला की माणसाची मूठ आवळते आणि धरलेली तार सोडताच येत नाही, हे त्यांनी राजीखुशीने आलेल्या माणसांवर मोजून पाहिलं. पुरुषांचा सरासरी आकडा सोळा मिलिअँपिअर निघाला. बायकांचा साडेदहा. साधा फ्यूज जळायला ह्याच्या कितीतरी शेकडो पट प्रवाह लागतो, म्हणजे फ्यूज घर वाचवतो, माणूस नव्हे. म्हणून १९६१ साली त्यांनी असं यंत्र केलं की जेवढी वीज गेली तेवढीच परत आली का ते ते सतत ताडून बघतं, आणि थोडीशीही दुसरीकडे वळली तर तोडून टाकतं. आपल्याकडे घरात बसवतात ते ३० मिलिअँपिअरवर, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत तुटणारं. किंमत विचारली. मी वाचवलेल्या पट्टीच्या किमतीपेक्षा फार जास्त नव्हती.

आता आमच्याकडची व्यवस्था अशी आहे. जुनी पट्टी भंगारवाल्याने नेली. नवा दिवा टाकीपासून फूटभर वर छताला टांगला आहे, तीन पिनांचा, दोन्ही टोकांना रबराने बंद केलेला. टाकीवर काचेचं झाकण आहे, किंचित उतरतं ठेवलेलं, म्हणजे जमलेलं पाणी ओघळून पुन्हा टाकीत पडतं. मागच्या बाजूला चार बोटं फट आहे. सगळं बंद केलं तर आमच्या मे महिन्यात माशांचं कालवण होईल. हवेचा दगड कोपऱ्यात सरकवला, बुडबुडे कमी केले. वायर बोर्डाच्या खाली झोळ घेऊन मग वर चढते, थेंब आला तर झोळाच्या पोटातून जमिनीवर पडतो. आणि बोर्डावर ते यंत्र.

एवढं करूनही झाकणाच्या काचेवर मीठ साचतंच. आठ दिवसांत इतकं, की दिवा चांदण्यासारखा दिसायला लागतो. त्याला साध्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याखेरीज दुसरं काहीही नाही, हे नातवाने सांगितलं, वायरमनने सांगितलं.

दर गुरुवारी मी पुसतो. आधी बटण बंद करतो, मग प्लग काढतो, मग पायात चप्पल घालतो. सौ. खुर्चीत बसून लसूण सोलत असतात.

"झालं?"

"झालं."

"त्या डाव्या कोपऱ्यात राहिलंय बघा."

मी बघतो. राहिलेलं असतं.